पोटच्या पोराने आईवर लावलेला दावा: मेरी बेकर एडी, काँकॉर्ड 1907

14 ऑगस्ट 1907. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं काँकॉर्ड, आणि गावाच्या कडेला असलेलं प्लेझंट व्ह्यू नावाचं घर. दुपारी तीन पुरुष त्या घरात शिरले, एक फेडरल जज्ज, एक वकील आणि एक बॉस्टनचा वेडाच्या आजारांचा डॉक्टर, आणि काम काय तर आत बसलेल्या 86 वर्षांच्या बाईचं डोकं ठिकाणावर आहे का ते तपासायचं. कोर्टानेच पाठवलं होतं त्यांना. आणि कोर्टात गेलं कोण होतं? तिचा एकुलता एक पोटचा मुलगा, जॉर्ज ग्लोव्हर, वय 62.

ही बाई म्हणजे मेरी बेकर एडी, क्रिश्चन सायन्स या पंथाची संस्थापक. नावात सायन्स आहे म्हणून कोणी फसू नका, प्रयोगशाळा वगैरे काही नाही यात. म्हणणं थोडक्यात असं की खरं अस्तित्व फक्त देवाचं, शरीर, जडवस्तू, आजार हे सगळे मनाचे गैरसमज, आणि प्रार्थनेने गैरसमज गेला की आजारही जातो, मग डॉक्टर कशाला नि औषध कशाला. आपल्याला हे ऐकून लगेच ब्रह्म सत्य जगन्मिथ्या आठवतं, विवेकानंदांनाही तेच वाटलं होतं, 1894 मधे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रांत त्यांनी लिहिलंय की या लोकांनी अद्वैतातल्या दोनचार गोष्टी उचलून बायबलवर कलम केल्यात. एडीबाईंच्या पुस्तकाच्या काही जुन्या आवृत्त्यांत गीतेतलं वचन होतंही, पुढे ते काढलं. फरक एवढाच की जग मिथ्या म्हणणारा आपल्याकडचा माणूस दाढ दुखली की गुपचूप डेंटिस्टकडे जातो.

आता केस. कायद्याच्या भाषेत हा नेक्स्ट फ्रेंड्सचा दावा. आपल्या दिवाणी कायद्यातही ही भानगड आहे, जो स्वतः दावा लावू शकत नाही (अज्ञान मूल किंवा मानसिक दृष्ट्या असमर्थ माणूस) त्याच्या वतीने दुसरा कोणीतरी लावतो, त्याला वादमित्र म्हणतात, सातबारावर अपाक (अज्ञान पालक कर्ता) लिहिलेलं असतं ना त्याच घराण्यातला प्रकार. म्हणजे कागदावर बघितलं तर मुलाने आईविरुद्ध नाही, आईच्या वतीने केस केली! 1 मार्च 1907 ला दाखल झाली. एका बाजूला मुलगा, नात, भाचा, नंतर दत्तक मुलगा पण येऊन मिळाला. दुसऱ्या बाजूला बाईंचा सेक्रेटरी कॅल्विन फ्राय आणि चर्चचे बाकीचे कारभारी धरून दहा जण. आरोप असा की म्हातारीला आता काही कळत नाही, ती या लोकांच्या मुठीत आहे, तिच्या पैशाचं हे लोक काय करतात ते कोर्टाने बघावं.

पण मुलाच्या डोक्यात हे आलं कुठून? तो तिथून हजारो मैल लांब साउथ डकोटामधे लीड नावाच्या गावात खाणीबिणींच्या मागे असायचा, जेमतेम लिहिता वाचता येणारा माणूस. तर याच्या मागे होता पेपर. जोसेफ पुलित्झरचा न्यू यॉर्क वर्ल्ड. चारच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर 1906 च्या शेवटी, वर्ल्डने पहिल्या पानावर छापलं की एडीबाई मरायला टेकल्यात, कॅन्सर आहे, रोज बग्गीतून फिरताना दिसते ती दुसरीच बाई आहे, तोतया! दोन दिवसांनी बाईंनी बाकीच्या पेपरवाल्यांना घरी बोलावलं, तीनचार प्रश्न ठरलेले, तब्येत ठीक का, ठीक. देवाशिवाय दुसरा डॉक्टर आहे का, नाही. रोज फिरायला जाता का, जाते. एवढं बोलून बग्गीत बसून गेल्यासुद्धा. पेपरवाले बघत राहिले. मग वर्ल्डने डाव बदलला, बाई जिवंत आहे हे तर दिसलं, मग आता वेडी आहे असं म्हणू. त्यांनी वकील लावला विल्यम चँडलर, साधासुधा नाही, माजी सिनेटर आणि एकेकाळचा अमेरिकेच्या नौदल खात्याचा मंत्री. पण वकिलाला अशील लागतोच ना. म्हणून वर्ल्डचा माणूस लीडला गेला आणि जॉर्जला घेऊन आला. 2 जानेवारी 1907 ला जॉर्ज आणि त्याची मुलगी काँकॉर्डला आईला भेटून गेले, आणि दोन महिन्यांत दावा.

इथे बरेच जण म्हणतात की पैशासाठी केलं, विषय संपला. पैसा होताच, नाही कोण म्हणतंय. पण मला वाटतं ही केस नीट कळायची तर 1907 मधे नाही, 1851 मधे जायला हवं.

मेरीचा जन्म 16 जुलै 1821 चा, काँकॉर्डजवळच्याच बो गावचा. सहा भावंडांत शेंडेफळ, बाप कडक धार्मिक, आणि हिची तब्येत लहानपणापासून नाजूक. 1843 च्या डिसेंबरमधे जॉर्ज ग्लोव्हर नावाच्या बिल्डरशी लग्न झालं, नवऱ्याबरोबर दक्षिणेत गेली, आणि सहा महिन्यांत तो तापाने गेला. ही पोटुशी. माहेरी परत आली, सप्टेंबर 1844 मधे मुलगा झाला, त्याला बापाचंच नाव ठेवलं. बाळंतपणानंतर अंथरुणच धरलं म्हणा ना. 1849 मधे आई गेली, पुढच्या वर्षी बापाने दुसरं लग्न केलं, आणि सावत्र आईच्या घरात आजारी विधवा मुलगी आणि तिचं दांडगट पोर, कोणाला हवं असणार? 1851 मधे सहा वर्षांच्या जॉर्जला घरात पूर्वी कामाला असलेल्या बाईकडे पाठवून दिलं. मेरीने 1853 मधे डॅनिअल पॅटरसन नावाच्या दाताच्या डॉक्टरशी लग्न केलं, तिचं म्हणणं मुलगा परत मिळावा म्हणूनच केलं, पण नवऱ्याने पोराला घरात घेतलंच नाही. 1856 मधे ते कुटुंब मिनेसोटाला गेलं, जॉर्जला घेऊन. पुढे मायलेकांची भेट कधी? 1879 मधे! पोरगा 35 वर्षांचा. मधल्या काळात तो यादवी युद्धात लढून जखमी पण होऊन आला होता.

यात दोष कोणाचा? बाईंनी नंतर लिहिलं की मला फसवून मूल तोडलं. टीकाकार म्हणतात तिला नकोच होतं ते. मला दोन्ही पूर्ण पटत नाही. त्या काळी नवरा नसलेली, कमाई नसलेली, सतत आजारी बाई, तिला विचारलं कोणी असेल असंच वाटत नाही. पण पुढे हातात पैसा, माणसं, नाव सगळं आल्यावरही जॉर्जला जवळ ठेवून घेतलं नाही हे पण खरंय. 1887 मधे तो बायकापोरं घेऊन बॉस्टनजवळ आला, काही महिने राहिला, आईशी सूर जुळला नाही, परत गेला. आणि लगेच 1888 मधे बाईंनी मुलगा दत्तक घेतला, एबेनेझर फॉस्टर, होमिओपॅथ डॉक्टर, वय 41!! पोटचा मुलगा जिवंत असताना 41 वर्षांचा दत्तक. जॉर्जला कसं वाटलं असेल ते सांगायला नको. (दत्तकाशी पण पुढे बिनसलंच, म्हणून तर तो दाव्यात समोरच्या बाजूला.) लीडमधे जॉर्जला घर बांधून दिलं, पैसे पाठवले, पण घर बांधून दिलेलं वेगळं आणि घरात घेतलेलं वेगळं.

बरं, ही अंथरुणाला खिळलेली बाई एवढी मोठी झाली कशी, तर आजारपणातूनच. होमिओपॅथी करून बघितली, आणि तिथे तिला एक गोष्ट खटकली की नुसत्या साखरेच्या गोळ्या दिल्या, त्यात औषध नाहीच, तरी पेशंटला बरं वाटतं, म्हणजे बरं करतंय कोण? 1862 मधे मेन राज्यात पोर्टलंडला फिनिअस क्विंबी नावाच्या माणसाकडे गेली. हा मूळचा घड्याळं बनवणारा, नंतर मोहिनीविद्या करता करता या मताला आला की आजार चुकीच्या समजुतीने होतो. त्याच्याकडे ती चालायला फिरायला लागली. 16 जानेवारी 1866 ला क्विंबी गेला. आणि दोनच आठवड्यांनी, 1 फेब्रुवारीला, मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावात ती बर्फावर घसरून पडली. तिसऱ्या दिवशी बायबल वाचताना अचानक प्रकाश पडला, उठून उभी राहिली, तोच क्रिश्चन सायन्सचा शोध, असं पंथ मानतो.

आता कागद काय म्हणतात बघा. तपासायला आलेला डॉक्टर कशिंग, तोही होमिओपॅथच, त्याने कितीतरी वर्षांनी शपथेवर सांगितलं की बाई मरणाच्या दारात आहे असं मी म्हटलंच नव्हतं, आणि औषध मी दिलं होतं आणि तिने घेतलं होतं. बाईंनी स्वतः पडल्यानंतर दोन आठवड्यांनी क्विंबीच्या एका शिष्याला पत्र लिहून मदत मागितली. लिन नगरपालिकेकडे नुकसानभरपाईचा अर्जही केला होता. मग चमत्कार कुठे गेला? पण खोटारडी म्हणून सोडून द्यावं असंही मला वाटत नाही, कारण ती त्यातून खरंच उठली, आणि पुढची चाळीस वर्षं थांबलीच नाही. माणूस आपलीच गोष्ट दहा वर्षांनी सांगतो तेव्हा तिचे कोपरे आपोआप गुळगुळीत होतात, आपण नाही का करत.

त्याच वर्षी दुसरा नवराही सोडून गेला. 45 वर्षांची बाई, आज या घरी उद्या त्या घरी भाड्याने राहतेय, मालकाशी भांडण, बोचकं उचललं की पुढचं घर, आणि रात्रंदिवस लिहितेय. 1870 पासून लिनमधे क्लास सुरू केले, लिन हे चपला बुटांच्या कारखान्यांचं गाव, शिकायला येणारे बरेचसे कारखान्यातले कामगार, आणि बारा धड्यांची फी थोड्याच दिवसांत 300 डॉलर झाली. त्या काळात! लोकांनी दिली पण. 1875 मधे पुस्तक आलं, सायन्स अँड हेल्थ, पहिली आवृत्ती 1000 प्रती. 1877 मधे तिसरं लग्न, आसा गिल्बर्ट एडी, शिवणयंत्रं विकणारा एजंट. 1879 मधे चर्चची नोंदणी, सुरुवातीचे सभासद 26.

आणि याच काळात ती गोष्ट सुरू झाली जी 1907 च्या केसमधे वकिलाला हवीच होती. इंग्रजीत तिचं लांबलचक नाव मॅलिशस अ‍ॅनिमल मॅग्नेटिझम, आपल्या भाषेत एका शब्दात सांगायचं तर करणी. मनाच्या शक्तीने माणूस बरा होतो म्हणता ना, मग त्याच शक्तीने मूठही मारता येणारच, हे तर्कालाच धरून आहे तसं. सोडून गेलेले शिष्य आपल्यावर मनाने मारा करतात असं बाईंना ठाम वाटायचं. 1878 मधे एका बंडखोर शिष्यावर खरोखर कोर्टात केस पडली की हा मनाने इजा करतो, आणि ती सुद्धा सेलममधे, जिथे 1692 मधे चेटकिणी म्हणून माणसं फासावर दिली होती तिथेच. जज्जने उडवून लावली. 1882 मधे आसा एडी वारला, पोस्टमॉर्टेममधे हृदयविकार निघाला, तरी बाईंनी पेपरवाल्यांना सांगितलं की त्याला मनाने विष घालून मारलं. ज्या बाईच्या मते आर्सेनिक हीच मुळात मिथ्या वस्तू, तिच्या नवऱ्याला मानसिक आर्सेनिकने मारलं! पुढे तर घरात रात्रीच्या पाळ्या लावून माणसं बसवलेली असायची, काम एकच, प्रार्थनेने हा मारा परतवायचा.

नवरा गेल्यावर त्याच वर्षी तिने घरकामाला, हिशेबाला, पत्रांना मदतनीस ठेवला, तो कॅल्विन फ्राय. हे नाव लक्षात ठेवा.

बॉस्टनची वर्षं पटकन सांगतो. कॉलेज काढलं, मासिक काढलं, 1888 मधे शिकागोत भाषणाला हजारो लोक. त्याच वर्षी एका शिष्येने स्वतःच्या मुलीचं बाळंतपण डॉक्टरशिवाय केलं, मुलगी आणि बाळ दोघं गेले, खटला झाला, सुटली ती, पण बाईंच्या संस्थेने तिला उघड्यावर सोडलं आणि त्या रागाने 36 सभासद सोडून गेले. पुढच्या वर्षी बाईंनी कॉलेज बंद केलं, बॉस्टन सोडलं. पुढे चर्चची घडीच बदलली, प्रवचन देणारा पाद्रीच नको, बायबल आणि सायन्स अँड हेल्थ हेच पाद्री, दर रविवारी त्यातलंच मोठ्याने वाचायचं, बाकी कोणी आपलं डोकं चालवायचं नाही. दुसरा कोणी गुरू उभाच राहू नये याची किती पक्की सोय ही! 1906 मधे बॉस्टनला 20 लाख डॉलरचं भव्य चर्च उभं राहिलं. आणि बाई काँकॉर्डमधे, क्वचितच कोणाला दिसणाऱ्या. म्हणून तर तोतयाची बातमी खपली.

तर परत केसकडे. चँडलरने मांडणी अशी केली की हिला पद्धतशीर भ्रम आहेत: जग खरं नाही असं वाटतं हा भ्रम, आजार खरा नाही हा भ्रम, आपल्याला देवाकडून ज्ञान मिळालं हा भ्रम, आणि लोक मनाने आपल्याला मारायला टपलेत हा भ्रम. मला वाटतं इथेच त्याची चूक झाली. शेवटचा एकच मुद्दा धरला असता तर बाईंच्या वकिलाची पंचाईत झाली असती, कारण तो घरातला रोजचा व्यवहार होता, साक्षीदार होते, आणि जॉर्जने आईची जुनी पत्रंही चँडलरच्या हातात दिली होती. पण पहिले तीन मुद्दे घातल्यामुळे अख्खा धर्मच आरोपीच्या पिंजऱ्यात आला. मग कोणीही विचारणार की मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला असं मानणारे तुम्ही सगळे पण वेडेच का? अमेरिकेतलं कोर्ट त्या रस्त्याने जाणं शक्यच नव्हतं.

बाईंचा वकील फ्रँक स्ट्रीटर हुशार निघाला. दावा पडला 1 मार्चला, आणि 6 मार्चला बाईंनी आपली मालमत्ता तीन विश्वस्तांकडे सोपवून टाकली, त्यात एक चुलतभाऊ आणि एक बँकवाला. म्हणजे मुठीत कोण आहे हा प्रश्नच अर्धा निकालात. मे महिन्यात, केस ज्याच्यासमोर होती त्या जज्ज चेंबरलिनला बाईंनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. न्यू यॉर्कहून अ‍ॅलन मॅक्लेन हॅमिल्टन नावाचा मोठा मनोविकारतज्ज्ञ येऊन बघून गेला, हा माणूस पूर्वी क्रिश्चन सायन्सच्या विरोधात साक्ष दिलेला, आणि तो म्हणाला बाई ठणठणीत आहे.

आणि मग 14 ऑगस्ट. जज्ज एडगर ऑल्ड्रिच, वकील होझिया पार्कर, डॉक्टर जॉर्ज जेली. जवळपास तासभर. बाईंना ऐकू कमी यायचं, मोठ्याने बोला म्हणाल्या. वयाची गोष्ट निघाली, जज्जची आई 87 वर्षांची होती, त्यावर दोघांचं छान जमलं. मग पैसे कुठे गुंतवता विचारलं. उत्तर असं की सरकारी रोखे बरे वाटतात, शेअर नकोत, आणि कुठल्या राज्यात किती लोकवस्ती, किती मालमत्ता याची पुस्तकं माझ्याकडे आहेत, ती बघून ठरवते. आता हे 86 वर्षांच्या कुठल्याही बाईला विचारा, 46 वर्षांच्या पुरुषाला विचारा, एवढं सरळ उत्तर येतं का बघा!! (आमच्या घरात तर एफडीची तारीख कोणाला आठवत नाही.) घरात गाणी वाजवायचं यंत्र होतं, ते ऐकून जा म्हणाल्या. मंडळी निघाली तर मागे बोलावून घेतलं की एक सांगायचं राहिलं, आणि होमिओपॅथीपासून आपण इथवर कसे आलो ते सांगितलं.

चँडलर खोलीतच होता, सगळं स्वतःच्या कानाने ऐकत. 21 ऑगस्टला त्याने दावा मागे घेतला.

लोक म्हणतात बाई केस जिंकल्या. तसं नाहीये. निकाल लागलाच नाही, शहाणी असं कोर्टाने कुठेही लिहून दिलेलं नाही. आणि सगळ्यात गंमत म्हणजे, जग मिथ्या म्हणणारी बाई सुटली कशावर, तर सरकारी रोख्यांच्या हिशेबावर. कोर्टाला दुसरं मोजायला काही येतच नव्हतं. जॉर्जचं दुखणं होतं की मला का टाकलं, त्याला कायद्यात कलम नाही. बाहेरच्या लोकांचा प्रश्न होता की या उपचाराने माणसं बरी होतात की मरतात, तो या केसमधे कोणी विचारलाच नाही, वर्ल्डलाही त्यात रस नव्हता, बातमी बाईच्या वेडात होती. तो प्रश्न नंतर दुसरीकडे निघाला, आणि किंमत मुलांनी मोजली: 1972 मधे कनेक्टिकटमधल्या क्रिश्चन सायन्सच्या एका शाळेत पोलिओची साथ आली आणि 11 मुलं लुळी पडली, तेव्हा पोलिओची लस येऊन सतरा वर्षं झाली होती.

जॉर्जला 1909 मधे तडजोडीत अडीच लाख डॉलरच्या आसपास मिळाले, दत्तकाला त्याहून बरेच कमी, आणि अट अशी की मृत्युपत्रावर परत भांडायचं नाही. बाईंनी काँकॉर्ड सोडलं. जानेवारी 1908 मधे स्पेशल ट्रेनने बॉस्टनजवळ चेस्टनट हिलला गेल्या, वाटेत कोणी घातपात करू नये म्हणून गाडीच्या पुढे एक वेगळं इंजिन आणि मागे एक. त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला स्वतःचा पेपर काढला, क्रिश्चन सायन्स मॉनिटर, कोणाला इजा करायची नाही हे त्याचं ब्रीद. वर्ल्ड 1931 मधे बंद पडला, मॉनिटर अजून चालू आहे, आणि बातमीदारीसाठी पुलित्झरच्याच नावाची बक्षिसं त्याने बरीच घेतलीत.

3 डिसेंबर 1910 ला रात्री बाई गेल्या, वय 89, कारण बहुधा न्यूमोनिया. कॅल्विन फ्राय शेवटपर्यंत होता, 28 वर्षं एका घरात. दाव्यात ज्याच्यावर सगळ्यात मोठा संशय होता तो हाच, म्हातारीला मुठीत ठेवणारा. आणि हा माणूस डायरी लिहायचा. त्या डायरीत आहे की मूतखड्याच्या कळा असह्य झाल्या की डॉक्टर बोलवावा लागायचा आणि मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं जायचं, तेही 1907 च्या आधीपासून. बाईंच्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांत याची सोयही करून ठेवली आहे, वेदना फारच झाल्या तर डॉक्टरकडून इंजेक्शन घ्यायला हरकत नाही असं. चँडलरला जे हवं होतं ते सगळं त्या घरातच एका वहीत पडलं होतं.